ताईची एकोणतीस झाडं

दुपारी दोन ते चार चष्म्याच्या दुकानात चिटपाखरूही फिरकत नसे. मालक जेवायला घरी जात आणि तिथेच आडवे होत. दुकान धाकटीवर सोपवलेलं असे. त्या दिवशी ती काउंटरमागे उभी राहून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एका कुंडीकडे बघत होती. ती कुंडी तिला फेकायची होती. घरच्या केरात टाकली असती तर आईनं परत काढून आणली असती. आधीच्या दोन तशाच आणल्या होत्या. म्हणून सकाळी पिशवीत घालून ती इथे घेऊन आली. मागच्या गल्लीत कचऱ्याचं मोठं पिंप होतं, वीस पावलांवर. पण सकाळपासून ती वीस पावलं काही तिच्याच्यानं चालवेनात.

घरात तिला धाकटी म्हणत. थोरली जाऊन आठ महिने झाले होते, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं.

दार ढकलून एक माणूस आत आला. उन्हानं रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत माती.

"नंबर तपासायचाय," तो म्हणाला. "जवळचं दिसेनासं झालंय."

"जवळचं म्हणजे वाचताना?"

"वाचत नाही मी फारसं. मुळांवरची कीड दिसत नाही. कापसासारखी असते, बारीक."

ती थट्टा आहे की काय, हे तिला कळेना. मागच्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून तिनं त्याच्या डोळ्यांवर जड फ्रेम चढवली. पलीकडच्या नर्सरीत आपण रोपं सांभाळतो आणि वय चौतीस, एवढं त्यानं न विचारता सांगून टाकलं.

"चौतिशीतच चाळिशी लागली म्हणायची तुम्हाला," ती काच बदलत म्हणाली. "हं, आता सांगा. आता बरं दिसतंय की मघाशी?"

"मघाशी तुम्ही जरा लांब होता."

"मी काचेबद्दल विचारतेय."

"मग काचेबद्दल सांगतो. आताची बरी."

बऱ्याच दिवसांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. लोक एक तर हळहळायचे, नाही तर विषय बदलायचे. तिनं मान खाली घालून नंबर लिहून घेतला. बाहेर आल्यावर तो काउंटरपाशी थबकला आणि त्यानं नाकानं हवा ओढली.

"तुमच्याकडे काहीतरी कुजतंय."

"टाकायचंच आहे ते," ती घाईनं म्हणाली.

पण त्यानं तोवर कागद बाजूला केला होता. आत सक्युलंट होतं, पानांतच पाणी साठवणारं झाड. गुलाबाच्या फुलासारखी जाड पानं, एकेकाळी फिक्या जांभळ्या रंगाची. आता खालची पानं पिवळी, काचेसारखी आरपार दिसणारी झाली होती, आणि बोट लावलं की गळून पडत होती. देठ बुडाशी काळा पडला होता.

"किती पाणी घालता?"

"पंधरा दिवसांतून एकदा. ताईनं सांगितलं होतं तसंच."

"मग दुसरं कोणीतरी घालतंय," तो म्हणाला. "ब्लेड आहे का? आणि काचा पुसायचं स्पिरिट?"

ती नको म्हणायच्या आत त्यानं कुंडी कागदावर उपडी केली. माती नव्हे, चिखलच पडला. मुळं काळी, लिबलिबीत. चिमटीत धरली तशी त्यांची साल मोज्यासारखी निघून आली. त्यानं ब्लेड स्पिरिटनं पुसलं, देठ खालून चकतीसारखा कापला. चकतीच्या मध्यात तपकिरी ठिपका होता. पुन्हा ब्लेड पुसलं, पुन्हा वर कापलं. अजून ठिपका. चौथ्यांदा कापल्यावर आतला गर स्वच्छ हिरवा दिसला. हातात उरला तो जेमतेम सुपारीएवढा शेंडा.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच जगणार. ठिपका ठेवला असता तर हेही गेलं असतं." तो शेंडा त्यानं रुमालात ठेवला. "आठवडाभर सावलीत असाच कोरडा ठेवायचा. जखम सुकून खपली धरली की कोरड्या वाळूत टेकवायचा. तुम्हाला घाई असते पाणी घालायची, म्हणून मी नेतो. चष्मा घ्यायला येईन तेव्हा आणतो. अशी अजून किती आहेत घरी?"

"बेचाळीस होती," ती म्हणाली. "आता एकोणतीस राहिलीत. माझ्या ताईची आहेत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. 'ताई' आणि 'आहेत' यांच्यामध्ये तिचा आवाज कुठे अडखळला, ते त्याला बरोबर कळलं असावं.

ताईची दोन्ही मूत्रपिंडं तिशीच्या आत निकामी झाली होती. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ती यंत्राला जोडून पडायची. शरीरातून पाणी बाहेर जायची वाटच बंद, म्हणून आत जाणारं पाणी मोजून. दिवसाला चार पेले. स्टीलचा छोटा पेला होता, आणि तो भरून द्यायचं काम आईकडे होतं. धाकटी कामावर जायची. ताईची तहान आईच्या पदरात पडली होती. त्या दिवसांतच ताईनं हे वेड घेतलं. पहिली कुंडी आणली तेव्हा म्हणाली होती, "आमचं एकच पथ्य. दोघांनाही पाणी वर्ज्य." तशी ती हसवायची. आई कधी हसायची नाही.

शेवटी फुप्फुसांत पाणी भरून ती गेली. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, पहाट बघितली नाही.

चष्मा घ्यायला तो आला तेव्हा शेंड्याच्या बुडाला पांढरट कोरडी खपली धरली होती. धाकटीनं चष्मा त्याच्या कानांवर बसवून बघितला, काडी किंचित वाकवली.

"नंबर परत कधी तपासायचा?"

"सहा महिन्यांनी."

"आणि चष्मा तिरका झाला तर?"

"तर लगेच या. सरळ करून देऊ."

चौथ्या दिवशी तो तिरका चष्मा घेऊन हजर. "कसा झाला?" तिनं विचारलं. "दाबला," तो शांतपणे म्हणाला. धाकटीनं गरम हवेवर काडी धरली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले, कारण हसू येत होतं आणि हसू आलं की हल्ली तिला अपराधी वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी तो घरी आला. तिसरा मजला, लहानशी बाल्कनी, लोखंडी पायऱ्यांचा स्टँड. ताईनं हौसेनं काचेचे वाडगे, चहाचे कानतुटके कप, काय काय जमवून त्यात झाडं लावली होती; निम्म्यांना बुडाला भोकच नव्हतं. उरलेल्यांच्या खाली बशा, आणि बशा पाण्यानं काठोकाठ. त्यानं एकेक कुंडी तळहातावर तोलली. मग खिशातून लाकडी काडी काढून मातीत तळापर्यंत खुपसली. काडी काळी, ओली होऊन वर आली. दुसरीत तेच. तिसरीत तेच.

आई दारात हाताची घडी घालून उभी होती. आठ महिन्यांत ती निम्मी झाली होती. ओठांना भेगा पडलेल्या, गालांची हाडं वर आलेली. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभं राहवत नसे, पण ती बसली नाही.

"काकू," तो म्हणाला, "यांना तीन आठवडे पाण्याचा एक थेंबही नको."

"एक थेंबही नको," आईनं त्याचेच शब्द पुन्हा म्हटले. "असंच म्हणायचे ते डॉक्टरसुद्धा."

ती आत गेली. तो गेल्यावर स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "या माणसाला परत आणू नकोस."

"का गं?"

"आणू नकोस म्हटलं ना."

तरी तो दुकानात येत राहिला. दर तीन-चार दिवसांनी चष्मा तिरका व्हायचा. तीनच्या सुमाराला दार वाजलं की धाकटीचा हात नकळत केसांकडे जायचा. तो नर्सरीतल्या गोष्टी सांगायचा. कुणी प्लॅस्टिकच्या झाडाला बुरशीचं औषध मागायला आलं होतं, कुणी कोरफडीमुळे घरात भांडणं होतात म्हणून ती परत केली. ती खोटं म्हणायची, तो शपथ घ्यायचा. एकदा काडी कानामागे बसवताना तिची बोटं तिथेच क्षणभर रेंगाळली. मग तो म्हणाला, "अजून जरा तिरकाच वाटतोय..."

"सरळ आहे."

"मग असू दे."

त्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, की नर्सरीची जागा विकली गेलीय. महिनाअखेरीस हिरव्या जाळ्या उतरणार. साडेचार तासांवरच्या एका गावात फुलांची मोठी काचघरं आहेत, तिथे त्याला काम मिळालं होतं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि उगीचच काउंटरची काच पुसत राहिली.

एका दुपारी वीज गेली ती येईचना, म्हणून मालकांनी दुकान बंद केलं. धाकटी अवेळी घरी आली. दार लोटलेलंच होतं. बाल्कनीत आई गुडघ्यांवर हात टेकत, एकेका कुंडीपाशी वाकत होती. हातात तोच स्टीलचा पेला.

"पी गं," आई हळू आवाजात म्हणत होती. "पोटभर पी. कोणी काही म्हणणार नाही."

पेला रिकामा झाला की बादलीत बुडवायचा, पुढची कुंडी. मातीवर पाणी साचून काठावरून ओघळत होतं. धाकटी पावलं न वाजवता जिना उतरली आणि खालच्या पायरीवर तासभर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सगळं सांगितलं. ताईचे चार पेले, आईचा हात, सगळं. सांगताना ती रडली नाही, नुसती भराभर बोलत सुटली. त्यानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

"अशानं सगळी मरतील," तो म्हणाला.

"माहीत आहे. पण तिच्या हातातून पेला कसा काढून घेऊ? तुम्हीच सांगा."

त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "नका काढून घेऊ. पाणी थांबवता येत नसेल तर निदान निघून तरी जाऊ दे. सगळ्या कुंड्यांना खाली भोकं पाडू. ही चिकट माती काढून टाकू. जाड वाळू, विटांचा चुरा, थोडा कोळसा. वरून ओतलं की खालून जाईल. बशा काढून टाकायच्या. काकूंना घालू दे मग."

धाकटीला वाटलं, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं तिला इतकं सोपं आणि इतकं मायेचं काही सांगितलं नव्हतं. पण ती एवढंच म्हणाली, "आईनं तुम्हाला येऊ नका म्हटलंय."

"दारातून हाकलून दिलं तर जाईन परत. पोतं तेवढं ठेवून जाईन."

पुढच्या बुधवारी सकाळी तो दोन पोती घेऊन तिच्या घरी गेला. धाकटी दुकानात होती. साडेअकराला तिचा फोन वाजला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "काकूंना चक्कर आली. आम्ही दवाखान्यात आहोत. तुम्ही या."

दवाखाना तोच होता. तोच लांब बोळ, तीच भिंतीला टेकवलेली बाकं, ज्यांच्यावर बसून तिनं तीन वर्षं काढली होती. तो बाकावर बसला होता, शर्टाला माती आणि विटांचा चुरा लागलेला.

आईनं आधी दार उघडलं नव्हतं, त्यानं सांगितलं. मग उघडलं आणि खुर्ची घेऊन बाल्कनीच्या दारात बसली. त्यानं मुकाट काम सुरू केलं. तासाभरानं तिनं विचारलं, पानं अशी सुरकुतलीत, म्हणजे त्यांना तहान लागलीय ना? मग पाणी का नको म्हणता?

"मी त्यांना मुळं दाखवली," तो म्हणाला. "म्हटलं, तहान लागलीय खरी. पण मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही. पाण्यात उभं राहून ते तहानेनंच मरतं. आपल्याला वाटतं सुकलंय, आपण आणखी घालतो, ते आणखी कुजतं." तो थांबला. "त्या म्हणाल्या, म्हणजे मी घातलेलं तिला पोचलंच नाही का? आणि उठायला गेल्या, आणि... मी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. माझं चुकलं का काही?"

धाकटीनं नाही म्हणून मान हलवली.

डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "यांच्या अंगात पाणीच नाहीये. किती दिवस नीट पाणी पीत नाहीयेत? आणि त्यात गुडघ्यांच्या गोळ्या चालू. मूत्रपिंडांवर ताण आलाय." त्यांनी रक्ताच्या तपासणीतला आकडा सांगितला. तो आकडा म्हणजे काय, हे धाकटीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अजून यंत्रावर न्यायची वेळ नाही आलेली," डॉक्टर म्हणाले. "बरंचसं भरून येईल. पण किती येईल, ते तीन महिन्यांनीच कळेल."

संध्याकाळी आईनं डोळे उघडले. हाताला सलाईन लावलेलं होतं. धाकटी उशाशी बसली. छताकडे बघत आई, कुणाला तरी पत्ता सांगावा तशा कोरड्या आवाजात बोलू लागली.

"त्या दुपारी तिनं पाचवा मागितला. चार झाले होते. मी म्हटलं, आता उद्या. ती म्हणाली, आई, अर्धा. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. मी ओरडले गं तिच्यावर. मग ती काही बोललीच नाही." आईनं ओठांवरून जीभ फिरवली. "अर्धा पेला मागितला होता नुसता."

"आई, अगं त्यानं..."

"माहीत आहे. सगळे सांगतात. पाण्यानंच गेली असती, आधीच गेली असती. मला कळतं ते. म्हणून म्हटलं, आपणही चारच प्यायचे. बघू तरी कसं लागतं."

आठ महिने. रोज रात्री ती आईच्या समोर बसून जेवत होती. आई पाण्याला हात लावत नाही, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. लोकांचे डोळे तपासत बसायची ती, आणि घरात ही अशी आंधळी.

"कसं लागतं?" तिनं विचारलं.

"जीभ टाळूला चिकटते," आई म्हणाली. "दुसरं काही सुचत नाही. माणसं बोलतात, ऐकू येतं, पण डोक्यात एकच असतं. तीन वर्षं तिच्या डोक्यात हेच असेल. आणि आपल्याला हसवायची."

मग दोघी रडल्या. ताई गेल्यापासून एकत्र अशा पहिल्यांदाच. रडून झाल्यावर धाकटीनं पेल्यात पाणी ओतलं आणि आईच्या ओठांशी धरलं. आईनं तोंड फिरवलं.

"आई," धाकटी म्हणाली, "मला तुझ्याशिवाय कोणी नाही. मला परत हे सगळं बघायला लावू नकोस गं."

आईनं तिच्याकडे बघितलं, नीट, जणू ही धाकटी खोलीत आत्ताच आली असावी. आणि मग ती प्यायली. घोट घोट, मध्ये थांबत, पेला रिकामा होईपर्यंत.

आई नऊ दिवस दवाखान्यात होती. घराची किल्ली धाकटीनं त्याला देऊन टाकली. रोज सकाळी नर्सरीत जायच्या आधी तो दोन तास बाल्कनीत बसायचा. मुळं धुऊन बघायची, काळं ते कापायचं, कापल्या जागी बुरशी लागू नये म्हणून दालचिनीची पूड लावायची, मुळं नसलेल्या तुकड्यांना ओळीनं कागदावर सुकत ठेवायचं. संध्याकाळी दवाखान्यात येऊन तो उरलेल्या झाडांचा आकडा सांगायचा. एकोणतीसमधली सतरा उरली. मग तेरा. हवा दमट होती, सुकायला ठेवलेलेही कुजत होते. शेवटी आठ. तो खोटं सांगत नव्हता, आणि तिला त्याचाच आधार वाटत होता.

आई घरी आली तेव्हा स्टँड जवळजवळ रिकामा होता. तिनं आठही झाडांकडे एकेक करून पाहिलं.

"बाकीची?"

"खताच्या खड्ड्यात टाकली, काकू."

"बरं," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ती काडी कशी घालायची ते दाखवा मला. ओली आली तर घालायचं नाही, असंच ना?"

"असंच. आणि शंका आली तरी घालायचं नाही."

"आणि यांना चहा टाकू का, ते तरी विचारायचं की नाही?" आईनं धाकटीकडे बघून म्हटलं. "का त्याचंही पथ्य आहे?"

त्यानंतर धाकटी मात्र त्याच्याशी तुटक वागू लागली. तो दुकानात आला की मालकांना पुढे करायची. तो बोलला की हो-नाही करायची. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांसमोर तो तपासणीचा आकडा असायचा. तीन महिन्यांनी काय कळेल, कोण जाणे. आईचंही तसंच झालं तर पुन्हा तेच यंत्र, तीच बाकं, तेच मोजून पाणी. त्यात आणखी एका माणसाला ओढायचं म्हणजे पाप. तो आपसूक निघून जाईल, तेच बरं.

शेवटच्या दिवशी तो आला तेव्हा चष्मा सरळ होता.

"उद्या दुपारची एकची बस आहे," तो म्हणाला.

"सांभाळून जा."

तो उभाच राहिला. मग "येतो" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं रजा घेतली होती; साडेबाराला ती आईच्या औषधांच्या पुड्या लावत होती. आई खिडकीत बसली होती, हातात पाण्याचं भांडं.

"आज जातोय ना तो?"

"हो."

"मग तू इथे काय करतेयस?"

"तुझी चारची गोळी..."

"चार वाजायला साडेतीन तास आहेत," आई म्हणाली. "आणि माझे हात काही मोडले नाहीत. एक पोर गेली माझी, दुसरीला घरात पुरून नाही ठेवायची मला. जा."

धाकटी धावत बसस्टँडवर पोचली तेव्हा बस सुटायच्या बेतात होती. त्याची ट्रंक आणि वळकटी टपावर चढली होती. तो खिडकीशी बसला होता. काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. ती सरळ बसमध्ये चढली आणि त्याच्या शेजारी बसली. बस हलली.

"कुठे जाताय?" त्यानं विचारलं.

"पुढच्या थांब्यापर्यंत," ती म्हणाली आणि कंडक्टरकडून तेवढंच तिकीट घेतलं.

पुढचा थांबा आला. ती उठली नाही. कंडक्टर बघायला लागला तेव्हा तिनं त्याच्याही पुढच्या थांब्याचं तिकीट काढलं. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना पडीक माळ लागला. बारीक पाऊस सुरू झाला होता. तिसऱ्या थांब्याला मात्र उतरणं भाग होतं, नाही तर चारपर्यंत परत पोचता आलं नसतं.

ती उतरली. तिच्यामागून तोही उतरला.

"परतीची बस मिळेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "एकटीला इथे कसं..."

दार आपटलं. बस निघून गेली. दोघं पत्र्याच्या शेडखाली उभी राहून बसकडे बघत राहिली, आणि ती वळणाआड गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "तुमची ट्रंक."

"हो."

"वळकटी."

"हो. कागदपत्रंही त्यातच आहेत."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. ती हसली, पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. तो बाकावर तिच्या शेजारी बसून राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आईचे रिपोर्ट चांगले नाहीत," शेवटी ती म्हणाली. "कदाचित सुधारतील. कदाचित नाही. नाही सुधारले तर पुढे काय असतं, ते मी एकदा पाहिलंय. त्यात घरातली माणसंही सुकत जातात. मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. आणि तुम्हाला त्यात बोलावणं म्हणजे..."

"मी 'या' म्हणालोच नाही," तो म्हणाला.

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"तिथे मला सोमवारी सुट्टी असेल. रविवारी रात्रीची बस पकडली की सोमवारी सकाळी इथे. दर आठवड्याला. दवाखान्यात कोणीतरी बसायला लागतंच. मी बसेन. तिथेच काही कायमचा राहणार नाही, इकडे काम मिळेल तसा येईन. वर्ष लागेल, दोन लागतील. माझ्या डोक्यात एवढंच आहे. बाकी तुम्ही सांगाल तसं."

"असं कोणी विचारतं का?"

"मग कसं विचारतात? मला सवय नाही."

तिनं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लांबवर परतीच्या बसचा आवाज ऐकू यायला लागला होता. जेमतेम मिनिटभर होतं.

"तू..." ती म्हणाली आणि थांबली. इतके दिवस 'तुम्ही' होतं. "तू मला आवडतोस. खूप आवडतोस. दुकानात तीन वाजले की मला दुसरं काही सुचायचंच नाही. आणि मला भीती वाटते. हे दोन्ही एकदमच आहे. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण बस आली. त्यानं तिचा हात हातात घेतला, मातीनं खरबरीत झालेल्या बोटांनी घट्ट दाबला आणि सोडला.

ती बसमध्ये चढली. खिडकीची काच पावसानं धुरकटलेली होती; तिनं ती तळहातानं पुसली. शेडखाली तो एकटा उभा होता, हातात ना पिशवी ना छत्री, पुढची बस तासाभरानं. त्यानं बोटं वर करून दाखवली. एक, दोन, तीन, चार, पाच. सोमवारपर्यंतचे दिवस.

घड्याळात पावणेतीन झाले होते. चारच्या आत ती घरी पोचणार होती.